चार्ल्स गुडइयर : रबराला शिस्त लावणारा संशोधक



सकाळपासून रात्रीपर्यंत आपला किती वेळा रबराशी संबंध येतो, हे एकदा मुलांना मोजायला सांगा. कुकरची रिंग, नळातला वायसर, सायकलचे टायर, पावसाळी बूट, पाण्याचा पाइप, मैदानावरचा चेंडू, दप्तरातला रबरबँड... यादी संपतच नाही. यातली कुठलीही वस्तू उन्हाळ्यात वितळत नाही आणि थंडीत काचेसारखी तडकत नाही. आपण ते गृहीतच धरतो. पण दोनशे वर्षांपूर्वी असं नव्हतं. ज्या माणसाने हे घडवून आणलं, त्याचं नाव चार्ल्स गुडइयर.

त्यांची गोष्ट आपण वर्गात दोन ओळींत सांगतो. रबर आणि गंधक यांचं मिश्रण चुकून गरम शेगडीवर पडलं आणि टिकाऊ रबराचा शोध लागला. मुलांनाही ही गोष्ट आवडते. पण त्या दोन ओळींच्या मागे आणि पुढे काय होतं, ते आपण सहसा सांगत नाही. आज ते सविस्तर पाहू या. वाचून झाल्यावर ही गोष्ट मुलांना कशी सांगायची, याचा विचार तुम्ही नक्की कराल.

आधी रबराविषयी थोडंसं

रबर म्हणजे झाडाचा चीक. हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या अॅमेझॉनच्या जंगलातलं. आज आपल्याकडे केरळात त्याची मोठी लागवड आहे. सिंधुदुर्गात दोडामार्ग, सावंतवाडीकडे आणि गोव्यातही रबराच्या बागा दिसतात. खोडाला तिरकी चीर पाडायची, खाली वाटी अडकवायची आणि झिरपणारा पांढरा चीक गोळा करायचा, अशी ही पद्धत. तिथले मूळ रहिवासी या चिकापासून चेंडू, पादत्राणं आणि पाणी न गळणारी भांडी शेकडो वर्षांपासून बनवत होते.

युरोपात हा पदार्थ पोचला तेव्हा त्याचं नेमकं काय करायचं, हे लोकांना कळेना. १७७० मध्ये जोसेफ प्रिस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने नोंदवून ठेवलं, की याने पेन्सिलीची अक्षरं खोडता येतात. इंग्रजीत रब म्हणजे घासणे, त्यावरूनच रबर हे नाव पडलं. म्हणजे बघा, मुलांच्या कंपासपेटीतल्या खोडरबरावरूनच या सगळ्या पदार्थाला नाव मिळालं आहे! पुढे १८२३ मध्ये स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देऊन पावसाळी कोटाचं कापड तयार केलं.

पण एक मोठी अडचण होती. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट होऊन वितळायचं, त्याला घाण वास सुटायचा आणि कडाक्याच्या थंडीत ते दगडासारखं कडक व्हायचं. १८३० च्या सुमारास अमेरिकेत रबराचे कारखाने धडाधड उघडले. लोकांनी हौसेने रबरी बूट घेतले आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्या बुटांचा लगदा झाला. परत आलेल्या मालाने कारखानदार बुडाले. रबर म्हणजे फसवणूक, असं लोकांच्या मनात पक्कं बसलं. नेमक्या याच वेळी गुडइयर रबराकडे वळले.

बालपण आणि व्यवसाय

चार्ल्स गुडइयर यांचा जन्म २९ डिसेंबर १८०० रोजी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, न्यू हेवन या गावी झाला. वडील अमासा गुडइयर हे बटणं आणि शेतीची लोखंडी अवजारं बनवत. चार्ल्स किशोरवयात फिलाडेल्फियाला जाऊन लोखंडी सामानाच्या दुकानात काम शिकले आणि परत येऊन वडिलांच्या धंद्यात भागीदार झाले. रसायनशास्त्राचं शिक्षण त्यांनी घेतलं नव्हतं, हे लक्षात ठेवा.

१८२४ मध्ये त्यांचं लग्न क्लॅरिसा बीचर यांच्याशी झालं. दोन वर्षांनी त्यांनी फिलाडेल्फियात स्वतःचं दुकान थाटलं. सुरुवातीला चांगलं चाललं, पण उधारी थकली, तब्येत ढासळली आणि १८३० मध्ये धंदा बुडाला. त्या काळी कर्ज फेडता आलं नाही, तर सावकार माणसाला सरळ तुरुंगात टाकू शकत असे. गुडइयर यांच्या आयुष्यात अशा तुरुंगवाऱ्या मग वारंवार आल्या.

रबराचा नाद

१८३४ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले असताना रॉक्सबरी इंडिया रबर कंपनीच्या दुकानात त्यांनी पाण्यात तरंगण्यासाठी वापरायचा एक रबरी पट्टा पाहिला. त्याची हवा भरायची झडप त्यांना बरी वाटली नाही. त्यांनी सुधारलेली झडप बनवली आणि दुकानात नेऊन दाखवली. दुकानदाराने त्यांना खरी गोष्ट सांगितली. झडप कितीही चांगली असली तरी उपयोग काय? रबरच टिकत नाही. परत आलेल्या सडक्या मालाने कंपनी बुडायला आली आहे. रबर टिकवण्याची युक्ती सापडली तर सांगा.

गुडइयर घरी परतले आणि कर्जापायी पुन्हा तुरुंगात गेले. पहिले प्रयोग त्यांनी तिथेच केले! कच्च्या रबराला तेव्हा कोणी विचारत नव्हतं, त्यामुळे ते स्वस्त मिळत होतं. क्लॅरिसा यांनी घरचं लाटणं आणून दिलं. त्या लाटण्याने ते रबराचे गोळे मळत आणि लाटत बसत. आपल्या स्वयंपाकघरात कणीक मळतात ना, अगदी तसंच.

त्यांचा विचार साधा होता. ओल्या पदार्थात कोरडी पूड घातली की चिकटपणा जातो. मग रबरात कसली तरी पूड घातली तर? त्यांनी मॅग्नेशिया घालून पाहिलं. रबर पांढरं, मऊ, छान झालं. घरातल्या सगळ्यांनी मिळून शेकडो बूट तयार केले. उन्हाळा आला आणि सगळे बूट वितळले. मग चुन्याच्या पाण्यात रबर उकळून पाहिलं. चिकटपणा गेला, पण आंबट पदार्थाचा एक थेंब पडला की पुन्हा जैसे थे. मग नायट्रिक आम्ल वापरलं. त्याने रबराचा वरचा थर बराच सुधारला, पण बंद खोलीत आम्लाच्या वाफेने गुडइयर यांचा जीव जाता जाता वाचला. पुढे कित्येक दिवस ते तापाने अंथरुणावर होते.

या आम्लाच्या पद्धतीमुळे त्यांना एक भांडवलदारही मिळाला होता. पण १८३७ मध्ये अमेरिकेत मोठी मंदी आली आणि भांडवलदार बुडाला. गुडइयर कुटुंब पुन्हा रस्त्यावर आलं. काही काळ तर ते एका बंद पडलेल्या रबर कारखान्यात राहिले.

गंधक आणि शेगडी

पुढे मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वोबर्न गावी त्यांची भेट नॅथॅनिएल हेवर्ड या माणसाशी झाली. रबरात गंधकाची पूड मिसळून उन्हात ठेवलं तर वरचा चिकटपणा जातो, हे हेवर्ड यांच्या लक्षात आलं होतं. गुडइयर यांनी त्यांच्याकडून या पद्धतीचे हक्क विकत घेतले. गोष्ट सांगताना हेवर्ड यांचं नाव आपण विसरतो, पण गंधक आलं ते त्यांच्याकडून.

याच सुमारास सरकारकडून टपालाच्या १५० रबरी थैल्यांची मागणी आली. थैल्या देखण्या झाल्या. गुडइयर यांनी त्या टांगून ठेवल्या आणि काही दिवस बाहेरगावी गेले. परत येऊन बघतात तो थैल्या स्वतःच्याच वजनाने लोंबून ओघळत होत्या. फक्त वरचा थर सुधारला होता, आतलं रबर कच्चंच होतं. उरलीसुरली पतही गेली.

आणि मग १८३९ च्या हिवाळ्यात तो प्रसिद्ध प्रसंग घडला. गंधक मिसळलेल्या रबराचा तुकडा तापलेल्या शेगडीला लागला. तो वितळायला हवा होता, पण वितळला नाही. चामड्यासारखा करपला आणि करपलेल्या भागाच्या कडेला मात्र एक पट्टी अशी राहिली, जी करपलेलीही नव्हती आणि चिकटही नव्हती. गुडइयर यांनी तो तुकडा रात्रभर बाहेर कडाक्याच्या थंडीत खिळ्याने ठोकून ठेवला. सकाळी पाहिलं, तर तो पहिल्यासारखाच लवचिक!

आता विचार करा. त्या खोलीत दुसरं कोणी असतं तर त्याने काय केलं असतं? शेगडीला चिकटलेली घाण खरवडून टाकली असती. उष्णतेने रबर वितळतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तीच उष्णता रबराला पक्कं करू शकते, हे त्या करपलेल्या कडेत दिसायला पाच वर्षांची तपश्चर्या लागली. हा शोध निव्वळ अपघाताने लागला, हे स्वतः गुडइयर यांनाही मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की योगायोगाचा उपयोग त्यालाच होतो, जो त्या प्रश्नाचा आधीपासून ध्यास घेऊन बसलेला असतो.

नेमकं काय घडलं? मुलांना असं समजावा

रबराचे रेणू म्हणजे लांबच लांब धागे. कच्च्या रबरात ते एकमेकांवर नुसते पडलेले असतात, ताटातल्या ओल्या शेवयांसारखे. गरम झाले की ते एकमेकांवरून घसरतात, म्हणून रबर चिकट होतं आणि ओघळतं. गंधक घालून तापवलं की गंधकाचे अणू एका धाग्याला दुसऱ्या धाग्याशी जागोजागी जोडतात. सुट्या दोऱ्यांचं जणू मासे धरायचं जाळं होतं. जाळं ताणलं तरी गाठी सुटत नाहीत आणि सोडलं की ते मूळ आकारात येतं. गंधक कमी घातलं तर रबर मऊ आणि लवचिक होतं. खूप जास्त घातलं तर लाकडासारखं कठीण होतं. त्या कठीण रबराचे पुढे कंगवे, पेनं आणि बटणं झाली.

या क्रियेला व्हल्कनायझेशन म्हणतात. व्हल्कन हा रोमन लोकांचा अग्निदेव. महामार्गाच्या कडेला टायरच्या दुकानांवर व्हल्कनायझिंग अशी पाटी तुम्ही पाहिली असेल. तो शब्द हाच.

शोधानंतरची पाच वर्षं

शोध लागला आणि सुखाचे दिवस आले, असं मुळीच झालं नाही. किती गंधक, किती उष्णता आणि किती वेळ, हे ठरवायला आणखी काही वर्षं गेली. क्लॅरिसा यांचा स्वयंपाक झाला की गुडइयर त्याच भट्टीत रबर भाजत. राखेत, वाळूत, उकळत्या किटलीच्या वाफेवर, सगळीकडे त्यांनी प्रयोग केले. शेवटी दाबाखालच्या वाफेत साधारण १३० अंश सेल्सिअसला चार ते सहा तास, हे प्रमाण बसलं.

पण या काळात घरात अन्न नव्हतं. शेजाऱ्यांनी दिलेल्या दूध-बटाट्यांवर दिवस निघत. घरातलं सामान गहाण पडलं. मुलांची शाळेची पुस्तकंसुद्धा त्यांनी विकली, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. आपण शिक्षक आहोत, आपल्याला हे वाचताना थांबायला होतं. याच हलाखीत त्यांचा दोन वर्षांचा मुलगा गेला आणि अंत्यविधीलाही पैसे नव्हते. गुडइयर दांपत्याला एकूण बारा मुलं झाली. त्यातली सहा लहानपणीच दगावली.

शेवटी कापड कारखानदार असलेल्या त्यांच्या मेव्हण्याने पैसे घातले आणि उत्पादन सुरू झालं. १५ जून १८४४ रोजी त्यांना अमेरिकेचं पेटंट मिळालं. त्याचा क्रमांक ३६३३.

पेटंट, खटले आणि मानसन्मान

पण इंग्लंडमध्ये उशीर झाला होता. गुडइयर यांच्या रबराचे नमुने तिकडे थॉमस हॅनकॉक या कारखानदाराच्या हाती लागले. हॅनकॉक हे स्वतःही रबराचे मोठे जाणकार. नमुन्यावर गंधकाची पूड दिसली, त्यावरून त्यांनी प्रयोग केले आणि गुडइयर यांचा अर्ज पोचण्याआधी काही आठवडे, १८४३ च्या नोव्हेंबरमध्ये, आपला अर्ज दाखल केला. इंग्लंडचं पेटंट त्यांना मिळालं.

अमेरिकेतही पेटंट न जुमानता अनेक जण माल बनवू लागले. होरेस डे या कारखानदाराविरुद्धचा खटला १८५२ मध्ये ट्रेंटन इथे चालला आणि तो फार गाजला. गुडइयर यांच्या बाजूने डॅनियल वेब्स्टर उभे राहिले. ते तेव्हा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते! निकाल गुडइयर यांच्या बाजूने लागला. पण त्यांनी परवाने इतक्या स्वस्तात देऊन टाकले होते, की पैसा मिळाला तो बहुतेक इतरांनाच.

जे मिळालं तेही त्यांनी रबरावरच उधळलं. १८५१ च्या लंडनच्या आणि १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांनी रबराच्या वस्तूंची भव्य दालनं उभारली. टेबलं, दागिने, पेट्या, सगळं रबराचं. आपल्या शोधावर त्यांनी पुस्तक लिहिलं, त्याची एक प्रतही रबराच्या पानांवर छापली. रबराची नोट, रबराची वाद्यं, रबराचे झेंडे असं काय काय त्यांच्या डोक्यात असायचं. १८५३ मध्ये इंग्लंडमध्ये असताना क्लॅरिसा वारल्या. पुढच्या वर्षी गुडइयर यांनी दुसरा विवाह केला.

पॅरिसच्या प्रदर्शनानंतर कर्ज थकलं आणि डिसेंबर १८५५ मध्ये त्यांना तिथल्या तुरुंगात जावं लागलं. फ्रान्सच्या सम्राटाने त्यांना लीजन ऑफ ऑनर हा किताब दिला होता. तो त्यांच्या मुलाने त्यांच्यापर्यंत नेऊन पोचवला, तुरुंगात!

अखेर

१८६० च्या उन्हाळ्यात मुलगी मरणाच्या दारात असल्याचं कळलं, म्हणून आजारी गुडइयर तिला भेटायला निघाले. न्यूयॉर्कला पोचताच ती गेल्याची बातमी आली. ते तिथेच कोसळले आणि १ जुलै १८६० रोजी त्यांचं निधन झालं. वय ५९. डोक्यावर सुमारे २ लाख डॉलरचं कर्ज होतं.

टायरवर आपण जे गुडइयर हे नाव वाचतो, ती कंपनी १८९८ मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात दुसऱ्याच लोकांनी सुरू केली. तिचा या कुटुंबाशी काही संबंध नव्हता, फक्त सन्मान म्हणून नाव घेतलं. आणि हवेच्या टायरचं म्हणाल, तर जॉन डनलॉप यांनी ते १८८८ मध्ये केलं. म्हणजे गुडइयर यांनी सायकलचं टायर डोळ्यांनी पाहिलंही नाही.

मग ही गोष्ट वर्गात कशी सांगायची?

आपल्याला गोष्टीच्या शेवटी तात्पर्य लागतं. प्रयत्नांती परमेश्वर, कष्टाचं फळ गोड, वगैरे. पण इथे ते सरळ बसत नाही. फळ जगाला मिळालं. ज्याने कष्ट केले त्याच्या घरात ते आलं नाही. क्लॅरिसा आणि त्यांच्या मुलांनी तर ते कष्ट स्वतः निवडलेही नव्हते. शास्त्रज्ञांच्या गोष्टींत बायको-मुलांचा त्याग एका वाक्यात उरकला जातो. मुलांना तो नीट दिसू द्यावा, असं मला वाटतं.

दुसरं म्हणजे, अपघाताने शोध लागला असं सांगितलं की मुलांना वाटतं, नशीब हवं. आणि नुसती चिकाटी सांगितली की वाटतं, हट्ट केला की झालं. गुडइयर यांच्याकडे आणखी एक गोष्ट होती. फसलेला प्रयोग ते फेकून देत नव्हते. बूट वितळले, तेव्हा पुडीने भागत नाही हे कळलं. थैल्या ओघळल्या, तेव्हा वरचा थर सुधारून उपयोग नाही हे कळलं. म्हणून शेगडीवरचा तो करपलेला तुकडा त्यांना ओळखता आला. गणित चुकलं की वहीचं पान फाडणाऱ्या मुलाला हे सांगायला हवं. चुकलेलं पान ठेव, ते पुन्हा बघ.

वर्गात किंवा घरी करता येतील अशा काही गोष्टी :

१. जाड रबरबँड झटकन ताणा आणि लगेच ओठाला लावा. किंचित कोमट लागेल. सैल सोडून पुन्हा लावा, गार लागेल. धाग्यांच्या जाळ्याची चर्चा इथून सुरू करता येते.

२. घरातल्या रबरी वस्तूंची यादी करा आणि प्रत्येकीपुढे लिहा, ही उन्हाळ्यात वितळली असती तर काय झालं असतं?

३. वरच्या वर्गांसाठी वादविवाद : शाळेची पुस्तकं विकून प्रयोग चालू ठेवणारे गुडइयर बरोबर होते का? दोन्ही बाजू मुलांनाच मांडू द्या आणि शेवटी आपण निकाल देऊ नका.

तुमच्या वर्गातल्या मुलांनी यावर काय उत्तरं दिली, ते जरूर कळवा.